सांध्यापासून स्वयंचलनापर्यंत : लघुरेल्वेतील रूळबदल यंत्रणेचा इतिहास आणि मिरज-कुपवाड परिसर

प्रस्तावना

रेल्वेचा इतिहास लिहिताना इंजिने, पूल, बोगदे आणि स्थानके यांना अग्रस्थान मिळते. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळविणाऱ्या सांध्याकडे मात्र इतिहासकारांचे क्वचितच लक्ष जाते. वास्तविक रेल्वे ही केवळ सरळ धावणारी वाहतूक नसून तिचे जाळे बनते ते सांध्यांमुळे. मराठी भाषेने या घटकाची दखल फार पूर्वी घेतली आहे. 'सांधा बदलणे' हा शब्दप्रयोग रेल्वेच्या आवारातून लिखाणात आला आणि आयुष्याची दिशा बदलण्याच्या अर्थानेही रूढ झाला. सांधा बदलणारा 'सांधेवाला' हा मात्र उपेक्षितच राहिला.

प्रस्तुत लेखात सांध्याच्या स्वयंचलनाचा इतिहास एका वेगळ्या वाटेने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ही वाट लघुरेल्वेची, म्हणजे टेबलावर मांडल्या जाणाऱ्या प्रतिकृती रेल्वेची आहे. लघुरेल्वेतील सांधे विजेवर आपोआप कसे बदलू लागले, त्यांच्या तारजोडणीत कोणते प्रश्न निर्माण झाले, ते कसे सोडविले गेले आणि प्रत्यक्ष रेल्वेने तेच प्रश्न वेगळ्या रीतीने का सोडविले, याचे विवेचन येथे केले आहे. या विवेचनाला मिरज, सांगली आणि कुपवाड या परिसराची पार्श्वभूमी घेतली आहे. एकेकाळी तीन प्रकारच्या रुंदीचे रूळ एकत्र येणारे मिरज जंक्शन आणि त्याच्या शेजारी उभी राहिलेली कुपवाडची औद्योगिक वसाहत यांमुळे हा परिसर या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त ठरतो.

१. मिरज : तीन रुंदींचे जंक्शन

पुणे-मिरज हा मीटरगेज मार्ग सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधला. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानचा मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही दोन फूट सहा इंच रुंदीची नॅरोगेज रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये ती शासनाच्या ताब्यात आली. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. बंगळूरकडे जाणारा मार्ग मात्र मीटरगेज राहिला आणि पंढरपूरकडे जाणारा नॅरोगेज. त्यामुळे पुढील सुमारे दोन दशके मिरज येथे १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तीनही रुंदींचे रूळ नांदत होते.

या वस्तुस्थितीचा अर्थ प्रवाशाला गाडी बदलावी लागणे एवढ्यापुरता मर्यादित नव्हता. तीन रुंदींचे यार्ड म्हणजे सांध्यांचे तीन स्वतंत्र संसार. प्रत्येक रुंदीचा सांधा वेगळ्या वजनाचा, वेगळ्या मापाचा, आणि प्रत्येकाची देखभाल स्वतंत्र. मोठ्या स्थानकांत कॅबिनमधील खटक्यांनी तारा किंवा लोखंडी दांड्यांच्या साहाय्याने दूरचे सांधे हलविले जात. लहान स्थानकांत आणि यार्डाच्या कडेला सांधेवाला स्वतः जाऊन खटका ओढत असे. रात्रपाळीत हातात कंदील, दिवसा हिरवे-तांबडे निशाण आणि कंबरेला किल्ल्या, हे त्याचे साहित्य. सांधा नीट बसला की नाही हे त्याला डोळ्यांनी पाहावे लागे. खटका पूर्ण पडला, पण जिभेसारखा निमुळता रूळ मुख्य रुळाला टेकलाच नाही, तर गाडीचे पुढचे चाक एका बाजूला आणि मागचे दुसऱ्या बाजूला जाण्याचा धोका असतो. 'खटका पडला' आणि 'सांधा बसला' या दोन भिन्न घटना आहेत, हे ज्ञान सांधेवाल्याच्या अनुभवात होते. प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न याच दोन घटनांमधील अंतराचा आहे.

२. प्रत्यक्ष रेल्वे : आज्ञा आणि पुरावा

रेल्वेच्या सुरक्षेचा इतिहास हा बऱ्याच अंशी हे अंतर भरून काढण्याचा इतिहास आहे. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकत्र हलविण्याच्या यंत्रणेचे एकस्व घेतले. त्यातून इंटरलॉकिंग म्हणजे परस्परबंधनाची कल्पना विकसित झाली. सांधा ज्या बाजूला लावला असेल त्याच्याशी विसंगत सिग्नल पडूच नये, अशी ही यांत्रिक अडवणूक होती. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी बंद विद्युत् परिपथावर आधारलेला रूळ-परिपथ विकसित केला. रुळांतून अल्प विद्युत्प्रवाह वाहता ठेवायचा. गाडीची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही आणि रुळावर गाडी आहे हे समजते. या रचनेचे वैशिष्ट्य असे, की तार तुटली, विजेचा पुरवठा बंद पडला किंवा रूळ भंगला तरी यंत्रणा 'रूळ व्यापलेला आहे' असेच दर्शविते. दोष उद्भवला तर तो सुरक्षित बाजूला झुकावा, हे तत्त्व येथून दृढ झाले.

भारतात १८९० च्या दशकात लिस्ट आणि मोर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी, किल्ल्यांवर आधारलेली परस्परबंधन पद्धत उत्तर भारतात वापरात आली. १९२८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबईतील व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या मार्गावर स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसविले. स्वातंत्र्योत्तर काळात विद्युत् सांधायंत्रे आणि रिलेवर आधारित परस्परबंधन यांचा विस्तार झाला. १९५७ मध्ये सिकंदराबाद येथे सिग्नल अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

भारतीय रेल्वेतील प्रचलित विद्युत् सांधायंत्र ११० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते आणि निमुळत्या रुळाला सरकविते. परंतु सरकविणे हे त्याचे अर्धेच काम. रूळ टेकल्यानंतर यंत्र त्याला कुलूप लावते आणि कुलूप बसल्याची विद्युत् खूण परत पाठविते. देखभालीच्या वेळी निमुळता रूळ आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरून सांधा बदलून पाहिला जातो. अशा स्थितीत कुलूप बसता कामा नये. पाच मिलिमीटरची फटही यंत्राने 'नाही' म्हणूनच कळवावी, अशी ही कसोटी आहे. सांधेवाल्याच्या डोळ्यांचे काम येथे विजेच्या परिपथाकडे सोपविलेले दिसते. त्याच्या हातांचे काम मोटारीने घेतले, ही तुलनेने सोपी गोष्ट होती. त्याच्या डोळ्यांची जागा घेण्यासाठी अधिक विचार करावा लागला.

३. लघुरेल्वे : आज्ञा आहे, पुरावा नाही

लघुरेल्वेचा प्रारंभ खेळण्यातून झाला. १८९१ मध्ये जर्मनीतील मार्कलिन कंपनीने ठराविक रुंदीच्या रुळांवर चालणारी चावीची रेल्वे बाजारात आणली. तिचे रूळ हवे तितके वाढविता येत. १९२० मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने चावीच्या गाड्या आणल्या. १९३५ मध्ये मार्कलिन आणि ट्रिक्स या जर्मन कंपन्यांनी टेबलावर मावतील अशा लहान विद्युत् गाड्या आणल्या आणि १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो ही मालिका आली. एक-सत्त्याऐंशी प्रमाणाची, १६.५ मिलिमीटर रुळांची एचओ पद्धत पुढे सर्वाधिक प्रचलित झाली.

टेबल मोठे झाले तसा दूरवरचा सांधा हाताने बदलणे गैरसोयीचे ठरले. त्यावर सर्वमान्य झालेला उपाय म्हणजे दोन गुंडाळ्यांचे सांधायंत्र. एका लोखंडी दांड्याच्या दोन टोकांवर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीतून क्षणभर प्रवाह सोडला की दांडा तिकडे ओढला जातो आणि सांधा बदलतो. दुसरीतून प्रवाह सोडला की तो पूर्ववत होतो. या क्षणभराला फार महत्त्व आहे. चार ओहम रोधाच्या गुंडाळीला सोळा व्होल्ट दिले तर चार अँपिअर प्रवाह आणि चौसष्ट वॉट शक्ती निर्माण होते. अंगठ्याएवढ्या गुंडाळीतून एवढी उष्णता काही सेकंदही बाहेर पडू शकत नाही. बटण अडकले किंवा गाडी नेमकी संपर्कपट्टीवर उभी राहिली की गुंडाळी जळते.

यावर कपॅसिटरचा उपाय निघाला. कपॅसिटर एका रोधामार्फत सावकाश भारित करावयाचा आणि बटण दाबताच त्यातील साठा एकदम गुंडाळीत रिता करावयाचा. ४७०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर २४ व्होल्टपर्यंत भारित केला तर सुमारे १.३५ ज्यूल ऊर्जा मिळते. दांडा खेचण्यास ती पुरेशी असते, गुंडाळी जाळण्यास अपुरी. बटण अडकले तरी साठा संपलेला असतो आणि रोध पुढील प्रवाह मर्यादित ठेवतो. दोष सुरक्षित बाजूला झुकविण्याचे रॉबिन्सन यांचे तत्त्व वेगळ्या रूपात टेबलाखाली अवतरले असे म्हणता येईल. मात्र येथे सुरक्षितता मिळाली ती गुंडाळीला. सांधा बसला की नाही हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

खऱ्या अर्थाने स्वयंचलन झाले ते गाडीनेच सांधा बदलण्यास सुरुवात केली तेव्हा. इंजिनाच्या तळाशी लहान चुंबक लावावयाचा आणि रुळांमध्ये रीड स्विच बसवावयाचा. इंजिन वरून गेले की स्विच क्षणभर जुळतो आणि पुढचा सांधा बदलतो. या एका युक्तीने दोन गाड्या एकाच मार्गावर आळीपाळीने चालविता येतात. एक गाडी बगलमार्गात शिरते, तिच्या मागे सांधा बदलतो, तिच्या रुळाचा वीजपुरवठा तुटतो आणि थांबलेली दुसरी गाडी निघते. पाहणाऱ्याला अदृश्य सांधेवाला काम करीत असल्याचा भास होतो.

तारजोडणीतील सर्वांत अवघड कोडे वळसामार्गाचे होते. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर उलट परतते तेव्हा धन रूळ ऋण रुळाला जाऊन मिळतो आणि परिपथ लघुपथित होतो. त्यासाठी वळशाचा भाग दोन्ही टोकांना विलग करावा लागतो आणि गाडी वळशात असतानाच मुख्य मार्गाची ध्रुवता व सांधा ही दोन्ही एकाच वेळी बदलावी लागतात. मार्कलिनच्या मधल्या संपर्काच्या पद्धतीत दोन्ही रुळांची ध्रुवता सारखीच असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. सांध्याची दिशा आणि विजेची दिशा एकमेकींवर अवलंबून ठेवण्याची ही गरज म्हणजे परस्परबंधनाचाच धडा होय.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेल्या लघुरेल्वे मंडळाने हा धडा आणखी पुढे नेला. तेथील विद्यार्थ्यांनी दूरध्वनी केंद्रातील रिले टेबलाखाली जोडून सांधे आणि वीजपुरवठा नियंत्रित केला. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगणक संस्कृतीच्या मुळांचा शोध याच मंडळापासून घेतला आहे. विद्यार्थी टेबलाखालच्या तारांकडून संगणकाकडे वळले, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. अनेक 'होय-नाही' स्थितींतून एक सुसंगत मार्ग कसा बांधावयाचा, हा तो प्रश्न.

४. महाराष्ट्रातील प्रयोग : पुण्याचे लघुरेल्वे संग्रहालय

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप दिले ते कै. भाऊसाहेब जोशी यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी लघुरेल्वेची प्रदर्शने भरविली. पुढे पुण्यात कोथरूड परिसरात कायमस्वरूपी लघुनगर उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते संग्रहालय म्हणून जनतेस खुले झाले. गाड्या, सिग्नल, महामार्ग, सर्कस, दिवस आणि रात्र यांचा खेळ एकाच मांडणीवर दाखविणारे हे संग्रहालय शालेय सहलींचे आवडते ठिकाण ठरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. हा निव्वळ योगायोग असला तरी दोन्ही घटना एकाच काळाच्या आहेत. मध्यमवर्गाची बोटे यंत्रांशी खेळण्यास मोकळी होऊ लागली होती आणि लहान नगरे औद्योगिक शहरांत विलीन होत होती.

हा छंद येथे सुलभ नव्हता. खेळण्यांसह अनेक ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठले. तत्पूर्वी परदेशी गाडी मिळविणे कठीण आणि तिचा सुटा भाग मिळविणे त्याहून कठीण. अशा स्थितीत जळालेली गुंडाळी पुन्हा गुंडाळणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. याबाबतीत महाराष्ट्राच्या ग्रामीण-औद्योगिक पट्ट्याकडे मोठी शिदोरी होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. १९४७ मध्ये सांगलीत स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. कृष्णाकाठच्या उपसा सिंचनामुळे पंपांच्या मोटारींची गुंडाळी करणारी दुकाने गावोगाव दिसू लागली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारागिराला तांब्याची तार, वेढ्यांची संख्या आणि इनॅमलचा जळका वास यांचा अर्थ कोणी शिकविण्याची गरज नाही. लघुरेल्वेच्या सांधायंत्राचे शास्त्र आणि शेतीपंपाच्या मोटारीचे शास्त्र हे एकाच विद्युच्चुंबकत्वाचे दोन आविष्कार आहेत.

५. प्रमाणाची मर्यादा

लघुरूप म्हणजे केवळ लहान केलेले वास्तव नव्हे, हे काही आकड्यांवरून स्पष्ट होते. १६.५ मिलिमीटरला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात. ही युरोप-अमेरिकेतील प्रमाण रुंदी आहे. भारतीय ब्रॉडगेज याच प्रमाणात १९.३ मिलिमीटर, मीटरगेज ११.५ मिलिमीटर आणि बार्शी लाइटचे नॅरोगेज ८.८ मिलिमीटर असावयास हवे. म्हणजे १९७१ नंतरचे मिरज जंक्शन टेबलावर अचूक मांडावयाचे तर तीन भिन्न रुंदींचे सांधे हाताने घडवावे लागतील. बाजारातील तयार रुळांवर ते मांडता येणार नाही.

याहून उद्बोधक आकडा सांध्याच्या फटीचा आहे. ज्या ५ मिलिमीटरच्या पट्टीने प्रत्यक्ष सांध्याची कसोटी घेतली जाते, ती या प्रमाणात ०.०६ मिलिमीटर म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी होते. टेबलावरच्या सांध्याची फट इतक्या सूक्ष्मतेने तपासणे व्यवहारात शक्य नसते आणि तशी गरजही भासत नाही. डबा घसरला तर तो बोटाने उचलून पुन्हा ठेवता येतो. पुरावा मागण्याची सवय लघुरेल्वेला लागली नाही, याचे कारण तिच्या अपघातात कोणी मरत नाही.

६. बाहानगा : तारजोडणीची किंमत

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार स्थानकात शालिमारहून चेन्नईकडे जाणारी कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाऐवजी बगलमार्गात शिरली आणि तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा गाडीवर कोसळले. दोनशे नव्वदहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. गाडीला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र बगलमार्गाला लागलेला होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत या अपघाताचे मूळ सिग्नल परिपथातील बदलांत आढळले. पूर्वी केलेल्या जोडणीतील त्रुटी आणि समपार फाटकाच्या विद्युत् अडसराच्या बदलीच्या कामातील त्रुटी यांमुळे सांध्याची चुकीची स्थिती यंत्रणेला 'बरोबर' म्हणून कळली.

या घटनेचा सैद्धांतिक अर्थ गंभीर आहे. येथे सांधा हलविणारी यंत्रणा बिघडली नव्हती. सांध्याविषयी खरे सांगणारा परिपथ खोटे बोलला. शंभर वर्षांहून अधिक काळ जे अंतर भरून काढण्यासाठी रेल्वेने कुलपे, रिले आणि कसोट्या उभारल्या, ते अंतर काही तारांच्या चुकीच्या जोडणीने पुन्हा उघडे पडले. पुराव्याची तार चुकली की आज्ञेची तार कितीही अचूक असली तरी तिचा उपयोग राहत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) सांध्याच्या स्वयंचलनाचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात माणसाच्या हाताची जागा यंत्राने घेतली, दुसऱ्यात त्याच्या डोळ्यांची. लघुरेल्वेने पहिला टप्पा सहज गाठला. दुसरा टप्पा प्रत्यक्ष रेल्वेला अनुभवातून आणि अपघातांतून गाठावा लागला.

२) लघुरेल्वेला निव्वळ खेळणे मानणे योग्य नाही. रिले, परस्परबंधन, ध्रुवता आणि सुरक्षित दोष या संकल्पना ती अल्प खर्चात शिकविते. रेल्वेच्या भुसावळसारख्या प्रशिक्षण केंद्रांत प्रतिकृती कक्षांचा वापर याच हेतूने केला जातो. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांनी टेबलावरच्या सांध्याला 'बसल्याची खूण' देणारा परिपथ जोडून पाहिला, तर आज्ञा आणि पुरावा यांतील भेद त्यांना प्रत्यक्ष कळेल.

३) मिरज येथील मीटरगेज १९९० च्या दशकात आणि नॅरोगेज त्यानंतरच्या काळात ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित झाले. त्यासोबत तीन रुंदींच्या यार्डात काम केलेल्या सांधेवाल्यांची पिढीही निवृत्त झाली. कोणता खटका जड पडे, पावसाळ्यात कोणता सांधा अडे, रात्री रूळ टेकल्याची खात्री हाताने कशी केली जाई, हे ज्ञान कोणत्याही परिपथ-आराखड्यात नोंदलेले नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ते संकलित करणे आवश्यक आहे.

यंत्राने सांधेवाल्याला कष्टाच्या आणि जोखमीच्या कामातून मुक्त केले, ही निःसंशय प्रगती आहे. परंतु खटका ओढल्यावर कंदील खाली धरून रूळ टेकला की नाही हे वाकून पाहण्याची त्याची सवय ही त्या कामाचा गाभा होती. ती सवय तारांत उतरविणारा माणूस आजही माणूसच आहे, आणि त्याच्या प्रत्येक जोडणीकडे पुन्हा एकदा वाकून पाहण्याची गरज संपलेली नाही.